टेनिसचा बॉल: पुण्याचा इतिहास, डब्यातली हवा आणि आपली जयणा



मे महिन्याची सुट्टी लागली की लोणावळ्याच्या बाजारात दोन गोष्टींचा खप वाढतो. पाहुण्यांसाठी चिक्की आणि पोरांसाठी बॉल. चिक्कीवर आपण याआधी बोललो आहोत. आज बॉलवर बोलू. विषय पोरासोरांचा वाटेल, पण पैसे आपल्याच पाकिटातून जातात, आणि बॉल कशाचा बनलाय हा प्रश्न तर खास आपल्या घरांचा आहे. माझ्या नातवाच्या क्रिकेट शिबिरातून यादी आली, त्यात ‘सीझन बॉल’ लिहिलेला होता. सीझन बॉल म्हणजे चामड्याचा. सूनबाईंनी विचारलं, "आई, काय करायचं?" नुसतं ‘आपल्यात चालत नाही’ म्हटलं की आजकालच्या मुलांचं समाधान होत नाही. कारण सांगावं लागतं, आणि त्यासाठी आधी आपल्याला माहिती हवी. म्हणून हे सगळं जमवून लिहिते आहे.

चामड्यापासून रबरापर्यंत

टेनिसचा जुना अवतार युरोपातल्या राजवाड्यांत, चार भिंतींच्या आत खेळला जायचा. त्याचे चेंडू चामड्याचे असत आणि आत लोकर किंवा केस कोंबलेले. व्यापारी तेव्हाही व्यापारीच. काही जण लोकरीऐवजी आत वाळू, खडू, भुसा भरून विकत. शेवटी फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने १४८० मध्ये हुकूम काढला की चेंडू चांगल्या चामड्याचा आणि लोकर भरलेलाच असला पाहिजे. म्हणजे भेसळ प्रतिबंधक कायदाच म्हणायचा!

असा चेंडू फरशीवर उडतो, गवतावर मात्र टप्पा खाऊन तिथेच बसतो. त्यामुळे हा खेळ काही शतकं वाड्यांबाहेर फारसा पडला नाही. त्याला बाहेर काढलं रबराने. रबर म्हणजे झाडाचा चीक. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडलं की रबरात गंधक घालून तापवलं तर ते ताणलं तरी पुन्हा मूळ आकारात येतं. १८४४ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. आपल्या कुकरची रिंग, स्कूटरचं टायर आणि पोरांचा बॉल ही सगळी त्याच शोधाची लेकरं.

पुढे मेजर वॉल्टर विंगफिल्ड या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८७४ मध्ये गवतावरच्या टेनिसचं पेटंट घेतलं आणि एका पेटीत रॅकेट, जाळी आणि पोकळ रबरी चेंडू घालून विकायला सुरुवात केली. उघडा रबरी चेंडू लवकर झिजायचा आणि हातातून, रॅकेटवरून निसटायचा. जॉन हीथकोट नावाच्या खेळाडूने त्याच सुमारास चेंडूला पांढऱ्या फ्लॅनेलचं शिवलेलं कव्हर घालून पाहिलं. सुई-दोऱ्याने केलेली ही साधी दुरुस्ती, पण तिच्यामुळे चेंडू टिकाऊ झाला आणि हाताखाली राहू लागला. विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली १८७७ मध्ये, म्हणजे त्यानंतर लगेचच.

आजचा बॉल हातात घेऊन नीट बघा. त्यावर जी पांढरी नागमोडी रेघ दिसते ती शिवण नाही, तो रबरी चिकटाचा सांधा आहे. वरची फेल्ट दोन सारख्या तुकड्यांची असते. मध्ये अरुंद, दोन्ही टोकांना गोल, डंबेलसारखे तुकडे. ते एकमेकांत आडवे-उभे बसवले की गोळा पूर्ण झाकला जातो. ब्लाउज बेतलेल्या बाईला हे कटिंग बघताक्षणी कळेल. आतला गोळा रबराच्या दोन वाट्या एकमेकींना जोडून बनवतात आणि जोडतानाच आत हवा दाबून भरतात.

रंगाचंही सांगते. १९७२ पर्यंत चेंडू सहसा पांढरे असत. रंगीत टीव्हीवर पांढरा चेंडू नीट दिसेना, म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या वर्षी पिवळ्या चेंडूला मान्यता दिली. विम्बल्डनने मात्र १९८६ पर्यंत पांढराच धरून ठेवला. जुनं न सोडणारी माणसं सगळीकडे असतात.

आपल्या पुण्याचा वाटा

आता घराजवळचा इतिहास. बॅडमिंटन या खेळाचं जुनं नावच मुळी ‘पूना’ होतं, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याचे सुरुवातीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्यातच लिहिले गेले. पिसांचं फूल वाऱ्यात भरकटतं, पावसात भिजतं. म्हणून वाऱ्या-पावसाच्या दिवसांत हे लोक फुलाऐवजी लोकरीचा चेंडू वापरत. मावळचा वारा आणि जुलैचा पाऊस ज्यांनी अनुभवलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. दक्षिणेकडे अजूनही बॉल बॅडमिंटन खेळतात, त्याचा पिवळा चेंडू लोकरीचाच असतो.

टेनिसमध्ये एका पुणेकर लेकीचं नाव आवर्जून घ्यायला हवं. पंडिता क्षमा राव. जन्म १८९० चा. त्यांचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे मोठे विद्वान, तुकोबांच्या गाथेच्या सरकारी आवृत्तीच्या संपादकांपैकी एक. तुकोबा ज्या भंडारा डोंगरावर बसत तो आपल्याच मावळात. अशा घरातल्या क्षमाबाईंनी संस्कृतात काव्य लिहिलं, गांधीजींच्या लढ्यावर ‘सत्याग्रहगीता’ रचली, आणि त्या टेनिसही उत्तम खेळत. त्यांची मुलगी लीला राव हिने १९३४ मध्ये विम्बल्डनला पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. आई संस्कृत कवयित्री आणि मुलगी विम्बल्डनला! ‘मुलींना काय करायचंय मैदानावर’ असं आजही कुणी म्हणालं तर ही मायलेकींची जोडी सांगावी. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक आणलं.

पुण्याची आणखी एक आठवण १९७४ ची. मी तेव्हा शाळेत होते. डेव्हिस कपमध्ये भारताने पुण्यात सोव्हिएत रशियाला हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. समोर होता दक्षिण आफ्रिका. तिथे काळ्या-गोऱ्यांत भेद करणारं सरकार होतं, म्हणून भारताने अंतिम सामना खेळायलाच नकार दिला. कप न खेळता दक्षिण आफ्रिकेला गेला. विजय आणि आनंद अमृतराज यांच्या ऐन उमेदीचे दिवस होते ते, पुन्हा अशी संधी कधी येईल याची खात्री नव्हती. तरी देशाने त्याग केला. आपण पाठशाळेत मुलांना त्यागाच्या गोष्टी सांगतो, त्यात ही पण सांगायला हरकत नाही.

शेकडा त्रेपन्न ते अठ्ठावन्न

मी कॉमर्सची. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. पण टेनिस बॉलचा नियम मला फार आवडला, कारण तो शेकडेवारीत आहे. बॉल १०० इंचांवरून, म्हणजे २५४ सेंटिमीटरवरून, सिमेंटच्या जमिनीवर सोडायचा. तो ५३ ते ५८ इंच परत वर आला पाहिजे. थोडक्यात, शंभर रुपये गुंतवा, त्रेपन्न ते अठ्ठावन्न परत. यापेक्षा कमी आला तर बॉल मेलेला, जास्त आला तर खेळाला नको इतका उड्या मारणारा. वजनही ठरलेलं आहे, ५६.० ते ५९.४ ग्रॅम. व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर.

मग उरलेले चाळीस-पंचेचाळीस रुपये जातात कुठे? बुडत नाहीत, फक्त खातं बदलतं. बॉल जमिनीवर आपटला की क्षणभर चपटा होतो. रबर दाबलं जातं, ताणलं जातं आणि थोडं गरम होतं. थोडा वाटा आवाजात जातो. बाकीचं आतली दाबलेली हवा आणि रबर स्प्रिंगसारखं परत देतात. हाच हिशेब आपल्या खोपोलीला मोठ्या प्रमाणावर चालतो. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाइपांतून पाचशे मीटरहून जास्त खाली सोडून टाटांनी १९१५ पासून वीज बनवली. उंचीवर ठेवलेली वस्तू म्हणजे जमा रक्कम, ती खाली आली की काहीतरी हातात देते. पाणी वीज देतं, बॉल टप्पा देतो.

आता डब्याची गंमत. चांगले टेनिस बॉल तीन-तीनच्या बंद डब्यात येतात आणि झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज येतो. बॉलच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण बारा पाउंड जास्त दाब असतो. पंक्चरवाला स्कूटरच्या चाकात जितकी हवा भरतो त्याच्या निम्म्याहून थोडी कमी म्हणा. रबर कितीही चांगलं असलं तरी त्यातून हवा हळूहळू झिरपते. सणाचे फुगे दोन दिवसांत मऊ पडतात, तसंच. डब्यात बॉलच्या बाहेरही दाबलेली हवा असते. आत-बाहेर दाब सारखा, म्हणून हवेला बाहेर पडायचं कारणच उरत नाही. डबा उघडला की त्या दिवसापासून घसारा सुरू. खेळा अथवा कपाटात ठेवा, काही आठवड्यांत बॉल मऊ होतो. आम्ही हिशेबात यंत्रावर घसारा लावायचो, तो वापरावर. इथे नुसत्या वेळेवर लागतो.

मुंबईहून येताना वेफर्सची पुडी सोबत आणली असेल तर लोणावळ्याला ती फुगलेली तुम्ही पाहिली असेलच. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच, इथे बाहेरच्या हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी. पुडीच्या आतली हवा म्हणूनच फुगते. बॉललाही हेच लागू. मुंबईत आणि इथे तोच बॉल सोडला तर इथे तो किंचित जास्त उडेल. फरक इतका थोडा की डोळ्याला कळणार नाही. पण १,२१९ मीटरपेक्षा उंच गावांसाठी नियमात वेगळे बॉल सांगितले आहेत. लोणावळा त्याच्या निम्म्यावर, महाबळेश्वर मात्र त्या रेषेच्याही वर.

थंडीचंही तसंच. डिसेंबरच्या सकाळी रबर कडक असतं आणि आतल्या हवेचा दाब उतरलेला असतो, त्यामुळे टप्पा कमी. ‘आजी, बॉल खराब निघाला’ असं पोर म्हणालं तर आधी बॉल थोडा वेळ उन्हात ठेवून बघावा. विम्बल्डनलासुद्धा बॉल २० अंशांवर सांभाळून ठेवतात.

कुठला घ्यायचा?

खेळ बघून. गल्लीत टेनिस कुणी खेळत नाही, खेळतात टेनिस बॉलने क्रिकेट. त्यासाठी डब्यातला महाग बॉल आणणं म्हणजे पैसे वाया. दुकानात ‘क्रिकेट टेनिस बॉल’ मागितला की दुकानदार विचारतो, हलका की हेवी? लहान मुलांना हलका द्यावा, काचा आणि नाक दोन्ही वाचतात. हेवी बॉल मोठ्या पोरांच्या स्पर्धांसाठी असतो. यांत दाबलेली हवा नसते, टप्पा जाड रबरामुळे मिळतो, म्हणून ते जास्त दिवस चालतात.

खरंच टेनिस शिकणारं मूल असेल तर डब्यातलेच घ्या, पण एका वेळी एकच डबा उघडा. सवलतीत मोठी पेटी घेतली तरी चालेल, सगळे डबे मात्र एकदम फोडू नका. दुकानात सुटे बॉल असतील तर दोन बॉल एकाच उंचीवरून सोडून बघा. निम्म्याच्या खाली येणारा परत ठेवा. अंगठ्याने दाबून बघितलं तरी कळतं, आपण आंबा बघतो तसं.

आणि पावसाळ्याचं विसरू नका. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फेल्ट पाणी पिते, बॉल जड होतो, आणि ओला बॉल पिशवीत तसाच राहिला तर त्यावर बुरशी चढते. बुरशी म्हणजे अनंतकाय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. चातुर्मास लागण्याआधी बॉल, बॅटचं कव्हर, बूट सगळं वाळवून कोरड्या डब्यात ठेवणं हीच जयणा. जीव उत्पन्नच होऊ न देणं, मग त्यांची विराधना व्हायचा प्रश्नच नाही.

आपला प्रश्न

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. कुठल्या खेळात काय असतं, हे मी मुलांना समजेल असं सांगते.

सीझन बॉल: आत बूच, त्यावर घट्ट गुंडाळलेला दोरा, वर गाईच्या चामड्याचं आवरण. वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम, टेनिस बॉलच्या पावणेतीन पट. आपल्याकडे हे बॉल मुख्यतः मेरठ आणि जालंधरला बनतात. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिथे हा धंदा पुन्हा उभा केला.

बॅडमिंटनचं चांगलं फूल: हंसाची किंवा बदकाची १६ पिसं. प्लॅस्टिकचं फूल मिळतं, शिकणाऱ्याला ते पुरतं.

टेनिस रॅकेटच्या तारा: पूर्वी मेंढीच्या, नंतर गाईच्या आतड्याच्या असत आणि महाग तारा आजही तशा मिळतात. नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या मागाव्यात. विकत घेताना विचारायला लाजू नये.

टेनिस बॉल: रबर झाडाचं, फेल्ट लोकर आणि नायलॉनची. लोकर ऐकून काही जणींनी मला विचारलं, चालेल का? माझं मत असं की साधू-साध्वींचा ओघा लोकरीचा असतो, सामायिकाचं कटासणं लोकरीचं असतं. लोकर कातरून मिळते, त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही. तरी कुणाला नको असेल तर बिनफेल्टचा रबरी बॉल आहेच. ज्याची त्याची मर्यादा.

श्रावकाच्या बारा व्रतांतलं आठवं व्रत आहे अनर्थदंड विरमण. गरजेशिवाय, उगाच होणारी हिंसा टाळणं. संसारात काही हिंसा टळत नाही, चूल पेटवली तरी जीव जातात. पण खेळ ही पोटाची गरज नव्हे. जो आनंद झाडाच्या चिकातून मिळतो त्यासाठी चामडं कशाला? चामडं का नको याचं कारण मी घरात या व्रताच्या आधारे सांगते. ‘आपल्यात विटाळ होतो’ असं सांगत नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून पुण्याचीच एक गोष्ट सांगते. १८९० च्या दशकात पळवणकर बाळू नावाचा तरुण पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाची निगा राखायचा आणि सरावाला त्यांना गोलंदाजी करायचा. जातीने चर्मकार. इतका उत्तम गोलंदाज की पुण्याच्या हिंदू संघाला त्याला घ्यावंच लागलं. मैदानावर सगळे त्याच्या हातचा चामड्याचा चेंडू झेलायचे, आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात चहा द्यायचे. पुढे १९११ मध्ये याच बाळूने इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. चेंडू चालतो आणि माणूस चालत नाही, याला धर्म म्हणत नाहीत. आपण चामडं टाळतो ते जनावरावरच्या दयेपोटी. ती दया चामड्याचं काम करणाऱ्या माणसाला लागू नसेल तर ती दया कसली? मुलांना चामड्याबद्दल सांगाल तेव्हा बाळूची गोष्ट सोबत सांगा.

अपरिग्रहाचंही बघा. विम्बल्डनच्या एका स्पर्धेत पन्नास हजारांहून जास्त बॉल लागतात. पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमला नवे. रबर आणि नायलॉन मातीत लवकर मिसळत नाही. आपल्या घरात डझनभर बॉल असण्यापेक्षा दोन असावेत आणि ते शोधून आणायची सवय असावी. मऊ पडलेला बॉल टाकूही नका. चिरून खुर्चीच्या पायांना बसवला की फरशीवर आवाज होत नाही. स्थानकात वयस्कर श्राविकांच्या खुर्च्यांना असे चार-चार बॉल बसवले तर सामायिकात कुणाचा खडखडाट होणार नाही. गुडघ्या-पाठीखाली ठेवून हलके दाबायलाही छान.

नातवाला मी या सगळ्या गोष्टी सांगितल्या, बाळूचीही. शिबिराच्या सरांशी सूनबाई बोलल्या. त्यांनी सांगितलं, सिंथेटिक आवरणाचा बॉल आणला तरी सरावाला चालेल. सध्या तो आणलाय. पुढे मोठ्या सामन्यात खेळायची वेळ आली तर तिथे चामड्याचाच बॉल असेल, आणि तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा असेल. तो निर्णय त्याचा. मी त्याला फक्त एवढंच म्हटलं की तेव्हा जे करशील ते माहीत असून कर, माहीत नसल्यामुळे नको.

तुमच्या घरी हा प्रश्न आला तेव्हा तुम्ही काय केलंत? मंगळवारच्या मंडळात बोलू. येताना घरातले मऊ पडलेले बॉल घेऊन या. स्थानकातल्या सोळा खुर्च्या, म्हणजे चौसष्ट बॉल लागतील.

लिहिताना काही कमी-जास्त झालं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.